डाव्या अंगाला रेला!

जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरेपर्यंत ड्रायव्हरानं करायचं काय? बोलायचं! माझी उमेदीची सगळी वर्षं गोरेगावच्या जीप स्टँडवर अशी बोलण्यात गेली. एक माणूस कमी म्हणून अर्धा अर्धा तास थांबायचो, आणि त्या अर्ध्या तासात कोणाची ना कोणाची इज्जत जायचीच. किस्से साचतात ते असे. एसटीच्या लोकांकडं एवढे किस्से नसतात, कारण त्यांची गाडी वेळेवर सुटते. निदान तसं म्हणायची पद्धत आहे.

आमच्या स्टँडवरचे निम्मे किस्से दत्ताचे. दत्ता माझ्या पुढच्या नंबरचा ड्रायव्हर. उंच, काटकुळा, आणि बोलताना कायम समोर रस्ता असल्यासारखा लांब बघणारा. हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झालेला. ज्याला त्याला कामासाठी हिंगोली गाठायची असायची, आणि हिंगोलीची गाडी सेनगावात मिळायची, म्हणून आमच्या काळ्या-पिवळ्या जिपा सेनगावकडं सारख्या पळायच्या. आत माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, टपावर माणसं. आज अशी भरलेली जीप दिसली तर मी तिच्यात पाय ठेवणार नाही. तेव्हा मीच तशी भरायचो, खरं सांगतो.

* * *

दत्ता माणसं वजन बघून बसवायचा. तिकीट नाही, नंबर नाही, ओळखपाळख नाही. आधी नजरेनं तोलायचा. "मावशी, तुमी उजवीकडं. गुरुजी, तुमी तिच्या समोर डावीकडं." दोन्ही बाजू सारख्या झाल्या की मगच चावी फिरवायची.

बाकीचे हसायचे, पण मला ते पटायचं. मी तांड्यावरचा. आमचा आजा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर फिरलेला. तो सांगायचा, ओझं जास्त झालं तर बैल कुरकुरतो, पण एका अंगाला जास्त झालं तर तो बसतोच. जीप काय आणि बैल काय, पाठीला कळतंच की!

एकदा कापड दुकानाचे शेठ आले. चांगले भरलेले गृहस्थ. दत्तानं त्यांना तीन वेळा उठवलं. इकडं बसा, न्हाई तिकडं बसा, न्हाई मधात या. शेठ भडकले. "अरे, मी काय पोतं हाय का?"

दत्ता शांतपणे म्हणाला, "न्हाई शेठ. पोत्याला उठा-बसा म्हणावं लागत न्हाई."

शेठ मधात बसले. 

* * *

हा सगळा तोल कशासाठी? तर एका वळणासाठी.

गोरेगावहून सेनगावला जाताना एक वळण लागायचं. रस्ता डावीकडं वळायचा, पण बनवणाऱ्यानं त्याला उतार दिला होता उजवीकडं! म्हणजे गाडी इकडं वळणार आणि रस्ता तिला तिकडं ढकलणार. भरलेली जीप तिथं उजव्या अंगावर अशी कलायची, की खिडकीतल्या माणसाला खालची तूर हातानं तोडता आली असती.

त्यावर दत्तानं उपाय काढला होता. वळण आलं की तो ओरडायचा, "डाव्या अंगाला रेलाऽऽ!" आणि अख्खी जीप डावीकडं रेलायची. म्हातारी-कोतारी, लेकरवाळ्या बाया, मागं लोंबकळणारे, सगळे. येताना "उजव्या अंगाला!" रोजच्या लोकांना इतकी सवय झालेली, की गप्पा न थांबवता रेलायचे आणि गप्पा न थांबवता सरळ व्हायचे.

दत्ता स्वतः मात्र कधी रेलायचा नाही. काठी गिळल्यासारखा ताठ. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "शंकर, स्टेरिंगवाल्यानं सरळच बसायचं असतं. रेलायचं काम बाकीच्यांचं."

एकदा बँकेत बदलून आलेले नवे साहेब जिपेत होते. दत्ता ओरडला, सगळे एकदम डावीकडं वाकले. साहेबांनी बघितलं, डावीकडं बाभळीखाली एक दगड. त्यांनी घाईघाईनं चष्मा काढला, हात जोडले, डोळे मिटले. वळण संपल्यावर शेजारच्या कौसाबाईला हळूच विचारलं, "मावशी, कोणतं देवस्थान म्हणायचं हे?"

कौसाबाई म्हणजे आमची रोजची म्हातारी, सेनगावला भाजी नेणारी. तोंडाची फटकळ. म्हणाली, "देव न्हाई साहेब, वळण हाय. पण हात जोडले ते बरंच केलं!"

* * *

सवय किती वाईट असते बघा. एकदा कुठल्याशा तपासणीच्या धाकानं जिपा दोन दिवस बंद होत्या. सगळी जनता एसटीत. मीही होतो, कारण सेनगावात काम होतं. एसटी त्या वळणाला आली, ड्रायव्हरानं नुसतं स्टेरिंग वळवलं, आणि अर्धी बस गुपचूप डावीकडं वाकली!

बिचारा कंडक्टर तिकिटं देत उभा होता. त्याला वाटलं काहीतरी पेटलं. "काय झालं? काय झालं?"

कौसाबाई वाकलेल्याच अवस्थेत त्याच्यावर खेकसली, "तुमी बी रेला की! नुसते तिकिटं काय फाडून राहिले!"

* * *

आता थोडं गंभीर सांगतो, कारण ह्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या दिवशी दत्ताच्या जिपेत वऱ्हाड होतं. हट्टा गावाकडचे पाव्हणे, ह्या रस्त्यावर पहिल्यांदाच आलेले. टपावर ट्रंका, रुखवताची भांडी आणि दोन-चार दांडगे पोरं. पुढं दाराकडच्या जागेवर दत्ताची बायको, गयाबाई. तिचं माहेर सेनगावचं, आई थकलेली. तिला बघायला ती आठवड्यातून एकदा नवऱ्याच्याच जिपेनं जायची.

वळण आलं. दत्ता नेहमीसारखा ओरडला, "डाव्या अंगाला रेलाऽऽ!"

पाव्हण्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण म्हणाला, "काय म्हणले?" तेवढ्यात झालं. जीप म्हैस बसते तशी हळूच उजव्या अंगावर तुरीत बसली.

नशीब थोर, टपावरचे पोरं उड्या मारून सुटले, आतल्यांचं खरचटण्यावर भागलं. भांडी तुरीभर पसरली. लागलं ते फक्त गयाबाईला. ती दाराच्या दांड्याला धरून डावीकडं पार बाहेरपर्यंत रेललेली होती. गाडी उलटली तशी ती वर राहिली, लोंबकळली आणि मनगटावर पडली. हाड मोडलं.

हिंगोलीच्या दवाखान्यात मीच दत्ताबरोबर होतो. प्लास्टर झालं. दत्ता खाटेशेजारी उभा. शेवटी म्हणाला, "म्या आवाज तर दिला होता."

गयाबाई म्हणाली, "दिला. मी रेलले बी. पण एकटीनं किती रेलायचं?"

त्यानंतर ती त्याच्या जिपेत बसली नाही.

* * *

भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढायची, डबा द्यायची, गाडीवर लिंबू-मिरची बांधायची. फक्त बसायची नाही. आईकडं जायचा दिवस आला की पिशवी घेऊन एसटीच्या फाट्यावर उभी. पुढं एसटीत गयाबाई, आणि मागं त्याच रस्त्यानं दत्ताची जीप! वळणावर एसटी नीट पार होईपर्यंत दत्ता मागं थांबायचा, मगच आपली गाडी काढायचा. आम्ही सगळे बघायचो, पण ह्या गोष्टीवर स्टँडवर कोणी थट्टा केली नाही. तेवढी लाज आम्हाला होती.

कौसाबाईला मात्र कोण थांबवणार? ती एक दिवस भर स्टँडवर म्हणाली, "घरचीच बसत न्हाई, मंग आपुन काहून बसावं?"

झालं! हे वाक्य गावभर फिरलं. दत्ताची जीप भरेना. त्याच्या मागची माझी भरायची, माझ्या मागची भरायची, आणि दत्ता पहिल्या नंबरला दुपारपर्यंत तसाच उभा. आमच्या धंद्यात ह्याच्याएवढी तकलीफ नाही. तो फडकं घेऊन काच पुसत बसायचा. पुसून पुसून काच अशी झाली होती की चिमण्या येऊन धडकायच्या.

एक दिवस मला म्हणाला, "शंकर, लोकं न्हाई बसले तर दुसरा धंदा करीन. पण तिनं बसायला पायजे."

* * *

मग तो हिंगोलीला बशीरभाईकडं गेला. मीही गेलो. बशीरभाई म्हणजे आमचा मिस्त्री. हात चांगला, पण तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. गाडीखाली सरपटला आणि खालूनच ओरडला, "अरे दत्ता, ये रॉड तो नाम को है बस! रबर खलास, नुसता खुळखुळा!"

समजून सांगतो. गाडीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मधे, एक आडवी लोखंडी दांडी असते. टोकं दोन्ही चाकांकडं बांधलेली, मधला भाग गाडीला. वळणावर गाडी एका अंगाला दबायला लागली की ही दांडी पिळली जाते आणि दुसऱ्या अंगालाही धरून ओढते. एका अंगाला एकटं दबू देत नाही. काम एवढंच. आमच्या जुन्या जिपांना ती एक तर नसायचीच, असली तर बारीक.

"मोटा डालता," बशीरभाई म्हणाला. भंगारातून त्यानं कुठल्याशा छोट्या ट्रकची दांडी काढली, मनगटाएवढी. दोन दिवस खटपट करून बसवली. मग स्वतः मागच्या बंपरावर चढला आणि एका अंगाला नाचला. गाडी हलेना! "देखो! पहाड हो गई!"

दत्ता कधी नव्हे तो हसला. मला म्हणाला, "आता रेलायची भानगड संपली."

* * *

घरी येऊन त्यानं गयाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, तांब्या भरला, काठोकाठ. म्हणाली, "हा पुढं ठेवा. वळणावरून जाऊन या. पाणी बघते मी."

दत्ता निघाला. आम्ही चार-पाच जण त्याच्या दारात थांबलो. काही वेळानं जीप आली. दत्तानं तांब्या आणून तिच्या हातात दिला. काठोकाठ! आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर म्हणालो, "वहिनी, आता तरी बसा!"

गयाबाईनं तांब्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"हे पाणी गोड लागून राहिलं," ती म्हणाली. "आपला हापसा तर खारा हाय."

वळणाजवळ एक विहीर होती, गोड्या पाण्याची!

दत्ता खाली बघत म्हणाला, "गाडी कलली न्हाई, देवाशपथ. पण हादरे लई देते. हादऱ्यानं सांडलं." खरंच होतं ते. दांडी इतकी कडक झाली होती की एका चाकाखाली खड्डा आला तर दणका दोन्ही चाकांना बसायचा. गयाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. 

* * *

खरी मजा पुढं झाली. मजा आज म्हणतो. त्या दिवशी मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला होता. नव्या दांडीची गोष्ट ऐकून कौसाबाईसकट रोजचे लोक परत दत्ताच्या जिपेत बसायला लागले होते, आणि माझी गाडी त्याच्या मागंच होती.

पुढं गेलेला पाण्याचा टँकर गळत गळत गेला होता, वळण ओलं झालं होतं. दत्ता भरवशात. न ओरडता, न थांबता वळला. जीप खरंच कलली नाही, अगदी पाटासारखी सपाट राहिली. पण त्या कडक दांडीपायी मागची चाकं रस्ता सोडून निसटली! शेपूट गर्रकन फिरली आणि गाडी जागच्या जागी उलट्या दिशेला तोंड करून उभी. सेनगावला निघालेली जीप, तोंड गोरेगावकडं! समोर मी.

 मग आतून कौसाबाईचा आवाज आला, "काय रं दत्ता? घरी काही राहिलं का?"

लोक हसले. दत्ता हसला नाही. खाली उतरला, चाकाजवळ बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मी जवळ गेलो तर म्हणाला, "ती बसली असती तर?"

* * *

पुन्हा बशीरभाई. ह्या वेळी बशीरभाईचं तोंड जरा कमी चाललं. त्यानं ती मनगटाएवढी दांडी काढली आणि मधल्या जाडीची शोधून आणली. रबरं नवी घातली. "ना इतना कड़क कि अकड़े, ना इतना नरम कि गिरे," असं म्हणाला, आणि मग हळूच, गाडीच्या टपाकडं बोट दाखवून म्हणाला, "मगर दत्ता, नीचे मैं कुछ भी डालूँ, ऊपर तू बाजार भरेगा तो कौन रोकेगा?"

 गोरेगावला आल्यावर दत्तानं पाना घेतला आणि तो टपावरचं कॅरिअर खोलायला लागला.

सगळं स्टँड गोळा झालं. अहो, कॅरिअर म्हणजे धंदा! टपावर माणसं नाहीत, पोती नाहीत, मग राहिलं काय? मी त्याला समजावलं, दुसऱ्यानं शिव्या घातल्या. एक जण म्हणाला, "येडा झाला का? दांडी बसवली ना आता?"

"दांडी तिचं काम करते," दत्ता म्हणाला. "माझं मला करू द्या."

ते कॅरिअर त्यानं अंगणात नेऊन ठेवलं.  दुसऱ्या दिवशी गयाबाईनं त्यावर लुगडं पसरून सांडगे वाळत घातले.

* * *

आणि आता शेवटचा.

माझी जीप दुरुस्तीला दिलेली, म्हणून मी दत्ताच्या गाडीत मागं बसलो होतो. सकाळची वेळ. दत्तानं रोजच्या लोकांना बजावून ठेवलं होतं, आता कोणी रेलायचं नाही, गरज नाही. गाडी अर्धी रिकामीच; कॅरिअर काढल्यापासून भरेपर्यंत थांबायचं त्यानं सोडलं होतं. फाट्यावर एसटी उभी होती, भरपूर जागा असलेली. कंडक्टर "सेनगाव, सेनगाव" ओरडत होता.

गयाबाई पिशवी घेऊन आली. एसटीजवळून सरळ पुढं गेली, आमच्या जिपेच्या रिकाम्या टपाकडं एकदा बघितलं, पुढचं दार उघडलं आणि आत बसली. दाराकडं नाही, दत्ताला लागून. दांडी तिनं बघितली नाही. ती तिनं कधीच बघितली नाही.

दत्तानं चावी फिरवली. पहिल्यांदा गाडी सुरू झाली नाही, कारण त्यानं ती उलटीच फिरवली होती. दुसऱ्यांदा झाली. कौसाबाई माझ्या शेजारी होती. पुढचं नीट दिसावं म्हणून तिनं भाजीची पाटी पायाशी सरकवली.

वळण आलं. दत्ता ओरडला नाही. आम्ही मागं बजावल्याप्रमाणं सरळ. गाडी वळली. थोडीशी दबली, दांडीनं धरली, आणि छान सरळ निघाली. तांब्या ठेवला असता तर एखादा घोट सांडला असता फार तर.

मी पुढं बघितलं. गयाबाई ताठ बसली होती, पिशवी मांडीवर. आणि दत्ता, जो कधी रेलला नाही तो दत्ता, दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवून डावीकडं इतका रेलला होता, की त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता.

"दांडी बसवली न्हवं?" गयाबाई म्हणाली.

"बसवली."

"मंग काहून रेलून राहिले?"

दत्ता सरळ झाला नाही. म्हणाला, "त्या दिवशी तू एकटीच रेलली होती."

गयाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला.

"समोर बघा," ती म्हणाली.